कुंकू लागलेली फ्लॉपी

“ओढाताण करायची नाही. आधी कोणी धरून ठेवलंय ते बघायचं.”

एवढं बोलून बाई मनगटावरचं घड्याळ काढायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. घड्याळ पर्समध्ये गेलं की ओळखायचं, काम होईपर्यंत या खुर्चीतून उठणार नाहीत. मग चहा गार होवो, लाइट जावो. लाइट गेली तर ती येईपर्यंत तिथेच बसून राहतील. न उघडणाऱ्या आणि न पुसल्या जाणाऱ्या फाइली हा त्यांचा विषय. नाशिकरोडला आमच्या भागात कुणाचा कॉम्प्युटर हट्टाला पेटला की एकच वाक्य ऐकू यायचं, “टायपिंगच्या बाईंना बोलवा.”

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि तसंही त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नव्हतं. तुमच्याही भागात असं एखादं माणूस असेल. त्याचं घर सगळ्यांना माहीत असतं आणि दारावरची पाटी मात्र कुणीच वाचलेली नसते.

स्टेशनजवळ माझं कंपोझिंगचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रबंध, शाळांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, जे येईल ते. भिंतीवर दिवसाच्या कामांची यादी लावायची आणि झालेल्या कामावर रेघ मारायची, ही माझी पद्धत. बाई आल्या की आधी ती यादी वाचायच्या.

“‘फाइल उघडत नाही’ हे काम नाही, ही तक्रार आहे,” त्या एकदा म्हणाल्या. “यादीत ‘फाइल उघडणे’ असं लिहा.”

मी खोडून तसं लिहिलं. तेव्हापासून माझ्या याद्यांत तक्रारी नसतात.

बाई मूळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले कितीतरी कारकून, कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारे टंकलेखक, सगळ्यांची बोटं त्यांनीच वळवलेली. नव्वदच्या दशकात टाइपरायटरवर धूळ बसायला लागली तेव्हा इतर जण हळहळत बसले. बाईंनी एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला, तो बिघडवला, दुरुस्त केला, पुन्हा बिघडवला. घरात त्या आणि त्यांची मुलगी, दोघीच. मुलगी सांगायची, “आई स्वयंपाक करतानाही ओट्यावर बोटं आपटत असते.”

एका पतसंस्थेत एक फाइल पुसली जात नव्हती. त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर तारेनं जोडलेले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. सकाळपासून तिथल्या कारकुनानं ती फाइल पुसायचे सगळे उपाय केले होते. आता सगळंच पुसून नव्यानं सुरुवात करावी या विचारापर्यंत तो आला होता. बाईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आतल्या खोलीत कोण बसतं?”

“अध्यक्ष. पण ते जेवायला गेलेत. खोलीला कुलूप आहे.”

“आणि त्यांचा कॉम्प्युटर?”

“तो चालूच असतो. बंद केलेला त्यांना आवडत नाही.”

अध्यक्ष जेवून, वामकुक्षी आटोपून आले. त्यांच्या पडद्यावर तीच फाइल उघडी होती. ती मिटवली, आणि बाहेर कारकुनानं एक कळ दाबताच पुसली गेली. “बघा,” बाई म्हणाल्या, “माणूस जेवायला जातो, पण धरलेलं सोडून जात नाही.” अध्यक्षसुद्धा हसले. त्यांच्याकडे बघून बाकीचेही हसले.

दुसऱ्या एका ठिकाणी फोल्डरच्या नावाच्या शेवटी कुणाच्या तरी अंगठ्यानं एक रिकामी जागा पडली होती. माणसाला ती दिसत नव्हती, यंत्राला दिसत होती, म्हणून फोल्डर पुसलं जात नव्हतं. तिथल्या साहेबांनी वैतागून त्या फोल्डरशी बोलणंच सोडलं होतं. बाईंनी डॉसच्या काळ्या पडद्यावर जाऊन त्याला त्याच्या जुन्या, आखूड नावानं हाक मारली आणि घालवून दिलं.

पण मला बाई आठवतात त्या घोटीच्या लग्नपत्रिकेमुळे.

घोटीजवळच्या एका गावातले दोघे भाऊ होते. भातशेती, शिवाय घोटीच्या बाजारात तांदळाचा व्यापार. वाटण्या झाल्या तेव्हा बांधावरून काहीतरी बिनसलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. समोरासमोर बसले तरी तिसऱ्या माणसामार्फत बोलायचे. थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. ती डी.एड. झालेली, शांत, पण ठाम मुलगी. तिनं घरात सांगून टाकलं, “काका मांडवात नसतील तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही.”

मग पत्रिकेतल्या नावांवरून बोलणी सुरू झाली. आमच्याकडची पत्रिका तुम्ही पाहिली असेल. वधूवरांची नावं शोधावी लागतात, एवढी बाकीच्यांची नावं. निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, आपले विनीत. कुणाचे सासरे कुणाच्या मेहुण्याच्या वर, यावर माणसं वर्षानुवर्षं लक्ष ठेवून असतात. धाकट्याचं म्हणणं, माझे सासरे आजवर प्रत्येक पत्रिकेत तळाला गेले, या वेळी ते वर पाहिजेत. थोरल्याचं म्हणणं, वर पाहिजेत तर माझ्या मेहुण्याच्या खाली. कित्येक दिवस ते माझ्या दुकानात येत होते. मी नावं वर करायची, खाली करायची. शेवटी एका दुपारी दोघांनी पडद्यावर बोट ठेवून एक क्रम मान्य केला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि छापील प्रत काढायला गेले.

“कागद नको,” धाकटे म्हणाले. “कागद गावात फिरला का धा माणसं धा सूचना करतील.”

“आन् दुकानातबी ठेवू नका,” थोरले म्हणाले. “आमच्या माघारी कोण येऊन काय बदलून जाईल, सांगता येत नाय.”

पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेही एकमेकांवर विश्वास नाही या मुद्द्यावर. मी समजावलं, एक प्रत राहू द्या. दोघांनी नकाराच्या माना हलवल्या. माझ्या कॉम्प्युटरमधली पत्रिका त्यांच्यासमोर पुसायला लावली, कचरापेटीतूनसुद्धा. राहिली ती एका फ्लॉपीवर. ती कुणाकडेच नको म्हणून मुलीच्या हातात दिली. ती दुसऱ्या दिवशी घोटीच्या छापखान्यात द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही माझ्या दारात. फ्लॉपी रुमालात गुंडाळलेली. छापखान्यात उघडली नव्हती. मी रुमाल सोडला. फ्लॉपीवर हळद होती, कुंकू होतं आणि दोन अक्षता चिकटलेल्या होत्या.

“आईनं देवापुढं ठेवली,” मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. “पहिली पत्रिका देवाची असते ना. मी म्हटलं वरून लाव. ती म्हणाली, प्लास्टिकला लावून देवाला काय पोचणार? मग तिनं ती पत्र्याची पट्टी सरकवली आणि आत बोट...”

“ओलं कुंकू?” मी विचारलं.

“ओलंच.”

मी यंत्रात घालून पाहिली नाही, एवढं शहाणपण मला होतं. बाईंना निरोप धाडला.

बाई येईपर्यंत दोघे भाऊ आठवून आठवून नावं सांगायला लागले. मी कागद घेतला, दोनच ओळी लिहिल्या आणि खाली ठेवला. दोघांनाही अगदी नीट आठवत होतं, आणि दोघांनाही वेगळं आठवत होतं.

“ह्यांना सांगा,” धाकटे माझ्याकडे बघून म्हणाले, “का वहिनीनं मुद्दाम कुंकू लावलं आसंल तर तसं सांगून टाका. मला लगीन मोडायचं नाय. माझं नावच काढा. मी आपला घरी बसतो.”

“त्याला सांगा,” थोरले भिंतीकडे बघून म्हणाले, “का माझी बायको देवाधर्माचं करती. त्याच्यावानी हिशोब करत नाय.”

धाकटे उठले, चपला पायात सरकवल्या. मुलगी दाराशी जाऊन उभी राहिली. काकांना बाहेर पडायचं तर तिला बाजूला करावं लागलं असतं. आणि नेमक्या तिच्या मागून बाई आल्या.

“कोण चाललंय?”

“मी.”

“बसा. मी अजून काहीच म्हटलेलं नाही.”

टायपिंगच्या वर्गात वापरायचा तो आवाज. धाकटे बसले. चपला पायातच राहिल्या.

बाईंनी फ्लॉपी उजेडात धरली, अक्षता नखानं काढून मुलीच्या हातावर ठेवल्या. थोरल्यांना राहवलं नाही. “बाई, कुंकवानं काय बिघडतंय? देवाचंच हाय.”

“काही नाही बिघडत. जरा जास्त श्रद्धा झाली,” बाई म्हणाल्या आणि घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

मग त्यांनी ब्लेड मागितलं. शेजारच्या इन्व्हर्टरवाल्याकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मागवलं. फ्लॉपीचं कवच कडेनं कापून आतली ती काळी, पातळ चकती बाहेर काढली. दोघे भाऊ खुर्चीतून पुढे झुकले. इतकं भांडण ज्याच्यावर होतं ते एवढंसं आणि इतकं मऊ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाईंनी चकती कडेला धरून ते पाणी तिच्यावर ओतलं. गुलाबी ओघळ आला. पुन्हा ओतलं. मग मऊ कापडानं टिपली, हातात धरून वाळू दिली.

“पंख्याखाली धरा की,” धाकटे म्हणाले.

“पंखा धूळ देतो. दम धरा.”

नव्या फ्लॉपीचं कवच सोलून तिच्यात ही चकती बसवली. माझ्या यंत्रात घातली. घरघर, थांबणं, पुन्हा घरघर. वाचता येत नाही, असा निरोप पडद्यावर आला. बाईंनी फ्लॉपी काढली, यंत्राचं वाचायचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, बोळा लाल झाला. पुन्हा घातली. पुन्हा तोच निरोप. मी चहा सांगितला. बाईंनी चकती परत बाहेर काढली, परत धुतली. त्यांचा चेहरा सुरुवातीला जसा होता तसाच होता. बटाटे निवडताना असतो तसा.

“बाई, नसंल जमत तर...” थोरले म्हणाले.

“तुम्ही भात लावता ना? पहिल्या दिवशी पाणी ठरलं नाही तर वावर सोडून देता का?”

थोरल्यांनी चहाचा कप उचलला.

कितव्यांदा ते मी मोजलं नाही, पण यंत्र वेगळ्या आवाजात फिरायला लागलं. फाइल कॉम्प्युटरमध्ये उतरली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मी पान उघडायला गेले, तर प्रोग्राम ढिम्म. फाइल आहे, पण खराब आहे, उघडणार नाही.

“नका उघडू म्हणावं,” बाई म्हणाल्या. “आपण भिंत फोडून आत जाऊ.”

त्यांनी ती साध्या अक्षरांच्या खिडकीत ओढली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, चौकोन, उलटसुलट खुणा यांचा कचरा आला. त्या काळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी की आत इंग्रजी अक्षरंच साठवली जायची, फक्त वर मराठी रूप चढायचं. मी फॉन्ट चढवून पाहिला. कचऱ्याचा मराठी कचरा झाला. यात नाव कुठलं आणि मोडतोड कुठली, काही कळेना.

बाईंनी पडद्याकडे बघत टेबलाच्या कडेवर बोटं चालवायला सुरुवात केली. डोळ्यांना इंग्रजी अक्षर दिसायचं, बोट त्या अक्षराच्या कळीवर जायचं, आणि त्या कळीवर मराठीतलं कुठलं अक्षर असतं ते बोटांना ठाऊक होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची बोटं वळवली होती. मग त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, वर्गात मजकूर सांगतात तसं.

“श्री... दगडू... आनाजी. पुढे कचरा आहे. श्री भिका... धोंडू... रा. टाकेद...”

“आमचं मामं!” थोरले ओरडले.

मी टाइप करत गेले. त्या वाचत गेल्या. एकेक नाव वर येत होतं आणि दोघे भाऊ आपापल्या जागी बसून ओळखीचं माणूस दिसल्यासारखे हरखत होते. आपापसातही हसले, पण माझ्याकडे बघून. मुलगी दारातून आत येऊन स्टुलावर बसली होती.

आणि मग बाई थांबल्या. “सासरे दोनदा आहेत.”

झालं असं होतं, की मी नावं वरखाली करत असताना तो प्रोग्राम जुनी ओळ पूर्ण पुसत नव्हता, कोपऱ्यात ठेवून देत होता. धाकट्याचे सासरे एका तुकड्यात मेहुण्याच्या वर होते, दुसऱ्या तुकड्यात खाली. यातला शेवटचा तुकडा कुठला, हे फाइल सांगत नव्हती. मला विचाराल तर मीही सांगू शकत नव्हते. इतक्या वेळा मी त्यांना वरखाली केलं होतं, की ते आजोबा जिन्यातच राहतात असं मला वाटायला लागलं होतं.

“वरचं खरं,” धाकटे.

“खालचं,” थोरले.

“हे बघा, ह्यांना सांगा...”

“मी कुणाला काही सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “अक्षरं मी काढून दिली. काय ठरलं होतं ते तुम्ही दोघांनी सांगायचं. तोंडी नाही. तोंडी माणूस दुसऱ्याचं ऐकून बोलतो.” त्यांनी माझ्या टेबलावरचे दोन कोरे कागद उचलले, दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. “पहिली पाच नावं लिहा. काल इथे बोट ठेवून जशी मान्य केलीत तशी. बोलायचं नाही. बघायचं नाही.”

तांदळाचे दोन व्यापारी, केस पिकलेले, पाठीला पाठ लावून परीक्षेला बसले. धाकट्यांचं झटकन लिहून झालं. त्यांनी कागद उलटा ठेवला. थोरल्यांचं पेन हलेना. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, खिसे चाचपले. चष्मा गावी राहिला होता. ते कुणाला सांगायला तयार नव्हते. कपाळाला आठ्या घालून अंदाजानं एक वाकडं अक्षर काढलं.

धाकट्यांनी कागदाची सळसळ आणि खिसे चाचपणं ऐकलं असावं. मागे न बघता त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि खांद्यावरून मागे धरला.

“दादा, हा घे. नंबर एकच असंल आपला.”

कुणामार्फत नाही. थेट. थोरल्यांनी तो चष्मा घेतला, लावला, वाकडं अक्षर खोडलं. मग लिहिलं.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्हींत क्रम एकच होता. पहिल्यानं मेहुणे वर लिहिले होते, दुसऱ्यानंही मेहुणे वर लिहिले होते. म्हणजे ‘वरचं खरं’ म्हणून भांडणाऱ्या धाकट्यांनी आपल्या सासऱ्यांना स्वतःच्या हातानं खाली घातलं होतं.

“आसंच ठरलं व्हतं,” ते चपलांकडे बघत म्हणाले. “बोलायला गेलं का तोंडातून भलतंच येतं.”

“मग बोलू नका. लिहीत जा,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तीन फ्लॉप्या काढा. एक यांना, एक यांना, एक दुकानात राहील.” कुणी हरकत घेतली नाही. मुलगी उठून बाईंच्या पाया पडली. तर बाई म्हणाल्या, “आईला सांग, देवाला कागदाची पत्रिका ठेव. ती छापून आल्यावर.”

निघताना थोरल्यांनी नवीनच टूम काढली. व्यवस्थापक मंडळात बाईंचंही नाव घालायचं. धाकट्यांनीही उचलून धरलं. बाईंनी हात जोडले.

“एक नाव घुसवलंत तर खालची सगळी सरकतील. मला पुन्हा इथे बसायचं नाही.”

लग्नाला आम्ही दोघी जीपनं घोटीला गेलो. बाईंना पहिल्या रांगेत बसवलं, तेवढं त्यांनी चालवून घेतलं. काका मांडवात होते, आणि पाहुण्यांवर ओरडण्याचं काम दोघे भाऊ वाटून करत होते.

त्यानंतर फ्लॉप्या गेल्या, सीड्या आल्या, मग पेन ड्राइव्ह. मराठी लिहायची पद्धतही बदलली आणि बोटांनी वाचायची गरज उरली नाही. बाईंना त्याचं दुःख झालेलं मी पाहिलं नाही. व्हायरसनं फाइली कुलूपबंद व्हायला लागल्या तेव्हा त्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असतानाही येऊन बसायच्या आणि मला पडद्यावरचं मोठ्यानं वाचायला लावायच्या. “गेली” हा शब्द त्यांनी फाइलीबद्दल कधी उच्चारला नाही. “अजून मिळाली नाही” म्हणायच्या.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात बाई गेल्या. हा शब्द मला इथे वापरावा लागतो.

दशक्रियेचं कार्ड करायला बाईंची मुलगी माझ्याकडे आली. गोदाकाठ, वेळ, तिथी, सगळं घातलं. खाली ‘शोकाकुल’ लिहिलं आणि तिथे एकच नाव आलं, तिचं. कार्डाचा खालचा सगळा भाग पांढरा. ती पडद्याकडे बघत म्हणाली, “एवढंच आहे आमचं. राहू दे तसंच.”

मी काही बोलणार तेवढ्यात दाराशी जीप थांबली. मी घोटीला फोन केला होता. दोघे भाऊ एकाच जीपमधून उतरले, डोक्यावरच्या टोप्या काढून आत आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला बसले. मग थोरल्यांची नजर पडद्यावर गेली.

“आमची घाला,” ते म्हणाले. “नातं इचारलं कुणी तर सांगा, शिकवलंय त्यांनी आमाला.”

मुलीनं होकाराची मान हलवली. मी तिच्या नावाखाली नवी ओळ घेतली आणि विचारलं, “कुणाचं आधी?”

“त्याचं घाला,” थोरले म्हणाले. “फोन आला तवा आधी तोच उठला. मी चहाच पीत व्हतो.”

“काय बोलतो दादा? मोठ्याच्या आधी धाकट्याचं नाव आसतं का कुठं?”

“मंग आज आसू दे.”

“नाय जमायचं. ताई, दादाचंच घाला.”

“ताई, त्याचं ऐकू नका.”

आवाज चढले. शेजारचा इन्व्हर्टरवाला डोकावून गेला. सकाळपासून कोरड्या चेहऱ्यानं बसलेली बाईंची मुलगी एकदाची रडत रडत हसायला लागली. मी कळफलकावरचे हात मांडीवर घेतले. रिकाम्या ओळीवर कर्सर लुकलुकत होता, आणि त्या दोघांचं काही संपायचं लक्षण नव्हतं.